नऊ नावांचा अहवाल

आमच्या तुकडीत तीस जण होते आणि त्यातल्या एकोणतीस जणांच्या जीवनात आमूलाग्र बदल झाला. हे मी म्हणत नाही, त्यांचे अहवाल म्हणतात. ‘सदर अभ्यासक्रमामुळे माझ्या जीवनात आमूलाग्र बदल झाला असून माझा दृष्टिकोन व्यापक झाला आहे.’ वाक्य एकच, हस्ताक्षरं एकोणतीस. कुणीतरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नमुना टाकला आणि सगळ्यांनी तो खाली मान घालून उतरवला. आमूलाग्र म्हणजे काय रे, असं मी शेजारच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आमूलाग्र म्हंजे लय." त्या एकोणतिसांत मीही होते. हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी बोट दाखवायला नको.

तिसावी होती शेवंताबाई आडे.

अभ्यासक्रमाचं नाव ‘हक्कमित्र’. एका संस्थेनं आमच्या नेरमध्ये तो काढला होता. बारा शनिवार, एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, निराधारांच्या पगारासाठी कुठले कागद लागतात, कुठल्या खिडकीवर कुणाशी बोलायचं, असं सगळं. शेवटी दोन पानांचा अहवाल द्यायचा: काय शिकलात, ते कुठं वापरलंत, आणि एक स्वतःचं उदाहरण. अहवाल मंजूर झाला की गळ्यात घालायचं कार्ड. फोटोचं, शिक्क्याचं, निळ्या दोरीचं.

ते कार्ड आमच्यातल्या बऱ्याच जणांना फेसबुकवर टाकायला हवं होतं. शेवंतामावशीला मात्र ते खरोखर हवं होतं. दोन वर्षांपूर्वी ती तिच्या बंजारा तांड्यातल्या एका विधवा पोरीला घेऊन एका कचेरीत गेली होती. पोरगी बोलायला घाबरत होती म्हणून मावशी बोलायला लागली. आतला माणूस म्हणाला, "तुम्ही कोण लागता हिच्या?"

"याडी व्हय मी. साऱ्या तांड्याची."

याडी म्हणजे आई. तांड्यात तिला सगळे तेच म्हणतात. पण त्या माणसानं तिला बाहेर बसवलं. "असं कुणीही येऊन बोलत नसते बाई. काही ओळखपत्र आहे का?" पोरगी आत एकटी गेली, घाबरली, आणि नको त्या ठिकाणी सही करून बाहेर आली. तिचा अर्ज त्या सहीनंच निकालात निघाला. हे सांगताना मावशी कधी रडली नाही. फक्त एवढं म्हणायची, "मी आत असती तं नसतं झालं." म्हणून आठ किलोमीटरवरच्या तांड्याहून ती दर शनिवारी पहिल्या गाडीनं यायची. बाराच्या बारा शनिवार.

वय पंचावन्नच्या पुढे. चष्मा एका कानाला काडीनं आणि दुसऱ्या कानाला दोऱ्यानं अडकवलेला. शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचायला ती पोरांच्या पुस्तकांवर, खताच्या पिशव्यांवर आणि बिस्किटांच्या पुड्यांवर शिकली. लिहिता मात्र सहीपुरतंच येत होतं. वाचायची ती बोट ठेवून आणि मोठ्यानं. मनातल्या मनात वाचणं तिला लबाडी वाटायची. "तू काय वाचून राह्यली ते मले कसं समजन?" असं ती मला म्हणायची. "तोंडातून काढ."

पाचव्या शनिवारी गावंडे मॅडमनी तो धडा घेतला. गावंडे मॅडम म्हणजे आमच्या प्रशिक्षक. शाळेतून निवृत्त झालेल्या, मायाळू, आणि यवतमाळच्या मुख्य कचेरीला फार भिणाऱ्या. त्या कचेरीला त्या ‘वर’ म्हणायच्या आणि म्हणताना खरंच छताकडे बघायच्या. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं: वाचल्याशिवाय सही नाही, वाचल्याशिवाय अंगठा नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी हजेरीचा कागद फिरला. आम्ही रांगेनं सह्या ठोकत होतो. मावशीपाशी कागद अडकला. तिनं चष्म्याचा दोरा कानामागे सरकवला आणि बोट ठेवून वर छापलेली ओळ वाचायला घेतली. "खा-ली-ल प्र-शि-क्ष-णा-र्थीं-ना..." मागं दहाबारा जण खोळंबले. एकजण म्हणाला, "ओ मावशी, पोथी नाही ती, सही मारा!" मावशी थांबली नाही. शेवटाला आली आणि मान वर केली.

"मॅडम, याच्यात लिवलं का जेवन भेटलं."

"हो, बरोबर आहे."

"जेवन तं अजून आलंच नाई."

"येईल ना एक वाजता."

"मंग एक वाजता करतो सही."

हॉल हसला. मॅडमही हसल्या, मग हसता हसता थांबल्या. पाच शनिवार आम्ही तीस जण सकाळी नऊ वाजता जेवण मिळाल्याची सही करत होतो, हक्कांचं शिक्षण घेत होतो, आणि कुणाच्या टाळक्यात काही आलं नव्हतं. त्या दिवसापासून तो कागद जेवणानंतर फिरायला लागला. आणि खरं सांगते, वरणही जरा घट्ट झालं.

तिच्या या वाचण्याची तांड्यात आणि आजूबाजूला दहशत बसली होती. भाच्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला चार माणसं दारात आली, तर तिनं त्यांना पाणी दिलं, उभं ठेवलं आणि पत्रिका अथपासून इतिपर्यंत वाचली. ‘सौ. व श्री. रामराव’ इथं बोट थांबलं.

"ही सौ. कोन?"

"अहो, पोरीची माय."

"तिले नाव नाई का?"

"असंच असते ना याडी पत्रिकेत."

"खाली मित्रमंडळाच्या सतरा पोट्ट्यांचे नावं आहे. जिनं पोटात वागवलं तिचं एक नाव बसत नाई?" आणि पत्रिका परत केली. पेन द्या, नाव घाला, मग घेते. घातलं त्यांनी. बॉलपेननं, उंबऱ्यावर बसून, त्यांच्याजवळ होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या पत्रिकांवर. स्त्रीमुक्तीवर मी चार पत्रकं काढली आहेत. एकानंही एवढं काम केलेलं मला माहीत नाही.

शनिवारी शिकलेलं ती रविवारी तांड्यात शिकवायची. सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर बायका जमायच्या आणि मावशी मॅडमचा धडा जसाच्या तसा उतरवायची, मॅडमसारखं तीनदा म्हणवून घेण्यासकट. आणि इथंच ते झालं.

तांड्याचं रेशन दुकान, म्हणजे आमच्याकडे ज्याला कंट्रोल म्हणतात ते, बंडूभाऊ नावाच्या माणसाकडे आहे. आता धान्य अंगठ्याच्या मशीनवर मिळतं. आधी मशीनवर अंगठा, मग मशीनमधून पावती, मग धान्य. पुढं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. मावशीकडून ऐकलं आणि बंडूभाऊकडूनही स्वतंत्रपणे ऐकलं, आणि दोघांचं तंतोतंत जुळलं. असं आमच्या तालुक्यात क्वचित होतं.

महिना संपत आला होता. नऊ बायका पिशव्या घेऊन दुकानात गेल्या. बंडूभाऊनं मशीन पुढं केलं. पहिल्या बाईनं हात पदराखाली घेतला.

"पहिले पावती दाखव. वाचू, मंग अंगठा लावू."

"अवो, अंगठा लावल्याबिगर पावती निघतच नाही!"

"मंग राहू दे."

"अवो, मशीनच तशी आहे माय!"

"वाचल्याशिवाय अंगठा नाही," नऊ जणी एका सुरात म्हणाल्या.

बंडूभाऊ पायरीवर उतरला, त्यानं हात जोडले. मावशीला बोलावलं, तिच्यापुढंही हात जोडले. मावशी म्हणाली, मॅडमनं सांगितलं आहे. दोन दिवस हा तमाशा चालला. तिसऱ्या दिवशी महिना संपला आणि मशीन त्या महिन्याचं धान्य देईना. नऊ घरांचे गहू-तांदूळ गेले. पुढच्या महिन्यात मागचं मिळत नाही. गेलं म्हणजे गेलं.

मावशीनं अर्ज केला, नियमाप्रमाणे पोचही घेतली. पोच मिळाली, धान्य नाही मिळालं. मग ती नऊ घरी गेली. एकेका दारात उभी राहून म्हणाली, चूक माझी आहे. घरात होती तेवढी ज्वारी वाटली. ती पुरली नाही. सजनी नावाच्या बाईनं ज्वारी घेतली आणि वर म्हणाली, "याडी, तुही शाळा तू शिकली, अन् चूल आमची इझली." मावशीनं ते ऐकून घेतलं. पुढच्या शनिवारी हॉलमध्ये आली तेव्हा ती एका कोपऱ्यात बसली आणि दिवसभर काही वाचलं नाही.

हे झालं दहाव्या आठवड्यात. बाराव्यात अहवाल.

लिहायला तिला माणूस हवा होता आणि तुकडीत पत्रकं लिहिणारी मीच होते. बसस्टँडजवळ माझ्या अब्बांचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिथल्या बाकड्यावर आम्ही बसलो. अब्बा समोर एक गाडी उघडून बसले होते.

"लिव," मावशी म्हणाली. "मी शेवंता आडे. मी इथं तीन गोष्टी शिकली."

मी लिहिलं: ‘शतकानुशतके अन्यायाच्या जोखडाखाली भरडल्या गेलेल्या समाजातील मी एक जागृत स्त्री...’

"वाच."

मी वाचलं.

"हे जोखड कुठून आलं? मी बैल आहे का?"

"मावशी, तसं लिहावं लागतं. सुरुवात जोरदार पाहिजे."

"मी जोरदार म्हटलं का? मी म्हटलं, मी शेवंता आडे."

पहिला कागद गेला. दुसऱ्यावर तिनं सांगितलं तसं आलं. पहिली गोष्ट, कागद पहिले वाचावा. दुसरी, अर्ज दिला की पोच घ्यावी. तिसरी गोष्ट तिनं रस्त्याकडे बघत सांगितली.

"तिसरी लिव. शिकलेलं दुसऱ्याले शिकवायच्या आधी, ज्यानं शिकवलं त्याले पुन्हा इचारावं का हे सगळीकडं लागू आहे का. ही गोष्ट मले मॅडमनं नाई शिकवली. माह्या चुकीनं शिकवली." आणि तिनं मशीनची सगळी हकीकत सांगायला घेतली.

मी पेन खाली ठेवलं. "हे नाही लिहायचं."

"काहून?"

"कार्ड जाईल मावशी! स्वतःच्या हातानं लिहून देणार का, की माझ्यामुळे नऊ घरांचं धान्य बुडालं?"

"बुडालं ना?"

"बुडालं. पण ते मशीनमुळे. सरकारमुळे. त्या बंड्यामुळे." आणि मी तिला माझा मसुदा वाचून दाखवला: ‘मुजोर दुकानदार आणि अमानुष यंत्रणा यांच्या संगनमताने...’

"थांब," मावशी म्हणाली. "बंडू मुजोर आहे. दिवाळीत त्यानं साखर दाबली, तवा मीच त्याच्या दारात बसली होती. पण या टायमाले तो पायरी उतरून हात जोडून उभा होता. त्यानं खरं सांगतलं, मीच नाई ऐकलं. त्याचं दिवाळीचं पाप या महिन्यात कायले लिवतं?"

"मग मशीन?"

"मशीनचं एक वाक्य लिव. पावती आधी भेटत नाई, हे बरोबर नाई. बस. पण ते मले पहिलेच मालूम असाले पाहिजे होतं, हेबी लिव."

आता ही काय पद्धत झाली? ज्यांनी मशीन बसवलं त्यांना एक वाक्य आणि स्वतःला दीड पान! मी भांडले. अर्धा तास भांडले. शेवटी गाडीमागून अब्बांचा आवाज आला, "रुबी, जो बोल रही वो लिख. गिराक बोलता ब्रेक नहीं लगता, तो मैं क्या उसका हॉर्न सुधारता?"

लिहिलं. मग ती म्हणाली, आता नावं. नऊच्या नऊ. घरात किती माणसं, त्यासकट.

"नावं कशाला? ‘काही कुटुंबे’ लिहू ना."

"काही म्हंजे किती? सजनीची चूल ‘काही’ आहे का? तिचं नाव पुरं लिव. घरात सहा मानसं. एक बाळंतीण."

नऊ नावं मी लिहिली. हात दुखला म्हणणार होते, नाही म्हटलं.

सगळं झाल्यावर तिनं दोन्ही पानं घेतली आणि बोट ठेवून पहिल्या अक्षरापासून वाचली. पाऊण तास. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एका ठिकाणी बोट थांबलं. ‘अनवधानाने’ असा शब्द मी हळूच घुसडला होता.

"हे काय आहे?"

"म्हणजे... लक्ष नसताना."

"माहं पुरं लक्ष होतं. काढ."

अहवाल द्यायच्या दिवशी गावंडे मॅडमनी गठ्ठा चाळला. आमूलाग्र, आमूलाग्र, आमूलाग्र, आणि मध्येच शेवंता आडे. त्या खुर्चीवर बसल्या. पुन्हा वाचलं. मग तिला बाजूला घेतलं, मी मागं गेले.

"शेवंताबाई, हे असं वर पाठवता येत नाही हो. नऊ घरांचं धान्य गेलं म्हणजे चौकशी लागेल. तुम्हाला, मलाही. निदान नावं तरी काढा."

"याच्यात खोटं काय आहे मॅडम?"

"खोटं काही नाही."

"मंग?"

"तुम्हाला कार्ड पाहिजे ना? मला माहिती आहे तुम्हाला किती पाहिजे ते. आठ दिवस देते. रुबीनाकडून दुसरा लिहून घ्या. इतरांसारखा."

कार्ड मावशीला किती हवं होतं हे त्या हॉलमध्ये मॅडमपेक्षा मला जास्त माहीत होतं. मला वाटलं, आता म्हणेल ठीक आहे. म्हटलं असतं तर मी तिला एका शब्दानं बोलले नसते.

"नावं काढली तं सजनीले काय सांगू?" ती म्हणाली. "का तुह्या चुलीवरून मी शिकली, अन् मंग कार्डासाठी तुले खोडलं?"

मॅडमनी छताकडे बघितलं. मग एक उसासा टाकला आणि तो अहवाल गठ्ठ्यात ठेवला, मधोमध नाही, सगळ्यात वर. लाल दोरी बांधली. "जाऊ द्या. वर काय ठरवायचं ते ठरवू दे." भित्र्या माणसानं असं काही केलं की मला ते शूर माणसापेक्षा मोठं वाटतं. मॅडमच्या भित्रेपणावर मी मनातल्या मनात चार पत्रकं लिहून ठेवली होती, ती त्या दिवशी मनातच फाडली.

मग सहा आठवडे काही नाही. मावशी दर दोन दिवसांनी फोन करायची. "आलं का?" नाही आलं. तिचं एकटीचं अडकणार याची मला खात्रीच होती. मी निषेधाचं पत्रक तयार करून ठेवलं होतं. शीर्षक होतं ‘प्रामाणिकपणाची शिक्षा’. चांगलं जमलं होतं, वाया गेलं.

कारण कार्डं आली. तीसच्या तीस. आम्ही हॉलमध्ये जमलो, मॅडमनी नाव पुकारलं, शेवंता आडे, आणि टाळ्या पडल्या. मावशीनं ती निळी दोरी गळ्यात घातली, फोटोवरून हात फिरवला. "पोट्ट्यांनो, बरी दिसून राह्यली का?" असं विचारलं. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

गठ्ठाही परत आला होता, दफ्तरी ठेवायला. मॅडम हसत होत्या. सहा आठवड्यांची भीती उतरली की माणूस जरा जास्तच बोलतो, तशा त्या बोलल्या. "उगाच घाबरलो हो आपण शेवंताबाई! हे बघा, दोरीची गाठ माझीच आहे. मीच मारलेली. वर कुणी सोडलीसुद्धा नाही."

सगळे हसले. मावशी नाही हसली.

"म्हंजे कोनीच नाई वाचलं?"

"नाही ना! म्हणून तर निभावलं."

"मंग हे कार्ड कायच्यावर देलं?"

मावशी पुढं झाली, तिनं ती गाठ सोडली, वरची दोन पानं काढून घेतली आणि दोरी पुन्हा बांधून दिली. कुणी तिला अडवलं नाही.

त्याच आठवड्यात मला कामासाठी वणीला जायचं होतं. तेव्हापासून मी तिकडेच, कोळशाच्या ट्रकांची धूळ खात. सोमवारी सकाळी बॅग घेऊन स्टँडवर गेले तर यवतमाळच्या गाडीपाशी मावशी उभी. धुतलेलं लुगडं, गळ्यात कार्ड, हातात प्लास्टिकच्या पिशवीत ती दोन पानं.

"कुठं निघाली मावशी?"

"वर."

"ओळखीचं आहे का तिथं कुणी?"

"ओळखीचं कायले पाहिजे? कार्ड आहे ना आता. आत तं सोडतीन. बसीन अन् वाचून दाखवीन."

"आणि ऐकून कार्ड काढून घेतलं तर?"

"घेऊ दे," ती म्हणाली. "पण ऐकून घेतीन ना."

माझी वणीची गाडी उशिरा होती. मावशी चढली, तिला खिडकीची जागा मिळाली. तिनं चष्मा लावला, पिशवीतून पानं काढली आणि सरावाला लागली. काचेमागून आवाज येत नव्हता, ओठ हलताना दिसत होते. शेजारची बाई थोडी वाकून ऐकत होती. कंडक्टर तिकिटासाठी समोर येऊन उभा राहिला, तर मान वर न करता मावशीनं त्याला हातानं थांबवलं. गाडी स्टँडबाहेर वळली तेव्हा तिचं बोट दुसऱ्या पानावर आलं होतं, नावांच्या ओळींवर, आणि एकेका नावापाशी थांबत होतं.